‘ऑफिस’साठी राखून ठेवलेलं नेट

३ मार्च, सोमवार

आज हॉलमधल्या जुन्या कॉम्प्युटरचा ताबा माझ्याकडे आला. लंडनजवळ, हॅरोला मुलीकडे येऊन पंधरा दिवस झाले, पण या घरात मला खरं काम मिळालं ते आज. भांडी मशीन घासतं, कपडे मशीन धुतं, आणि मी जिन्यात बसून समोरच्या गल्लीतल्या गाड्या बघते.

झालं असं, की शुक्रवारी घरातलं ब्रॉडबँड बंद पडलं. बिघडलं नाही, करार संपला. मी धम्माला म्हटलं, मग नवीन करार कर. धम्मा म्हणजे माझी मुलगी धम्मशीला. ती म्हणाली, "सगळे दोन-दोन वर्षांचा करार मागतात आई. इतक्यात नको." का नको, ते सांगितलं नाही. इथे येऊन तिला सहा वर्षं झाली, नोकरी चांगली आहे, मग दोन वर्षांना घाबरायचं काय कारण?

अनुपनी, म्हणजे जावयांनी, तोडगा काढला. पेन ड्राइव्हएवढं एक डोंगल आणलं, आत सिमकार्ड. ते कॉम्प्युटरला लावायचं आणि कॉम्प्युटरनं ते इंटरनेट वाय-फायनं घरभर वाटायचं. याला हॉटस्पॉट म्हणतात. अडचण एवढीच, की डोंगलमधून येतं थोडं आणि पिणारे पुष्कळ. नात मायरा शाळेतून आली आणि तिनं कार्टून लावलं, की बाकी सगळ्यांचं नेट कोरडं. म्हणून अनुपनी आणखी एक प्रोग्रॅम टाकला. त्यात प्रत्येक उपकरणाची एकेक ओळ दिसते: नाव, येणारं किती, जाणारं किती. आणि शेजारी एक खुंटी. ती सरकवली की त्या उपकरणाला तेवढंच मिळतं, जास्त नाही.

"आई, दिवसभर घरी तुम्हीच असता. तुम्ही बघाल का हे?"

बघाल का! नागपूर महानगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागात कनिष्ठ अभियंता म्हणून माझी हयात गेली. कोणत्या वस्तीला किती आणि केव्हा, यापलीकडे मी केलंय काय?

अनुपनी एकेका ओळीला नाव दिलं. मायरा टॅब, आईंचा फोन, टीव्ही, धम्मा फोन, अनुप फोन. मी विचारलं, "आणि तिचा ऑफिसचा लॅपटॉप? सगळ्यात महत्त्वाचा तोच." अनुपनी यादी वर-खाली फिरवली. खाली आणखी एक बिननावाची ओळ होती. "हा... हाच असेल," म्हणाले आणि तिला ‘ऑफिस’ नाव देऊन टाकलं. मी त्या ओळीची खुंटी सगळ्यात पुढे सरकवली. मुलीच्या मीटिंगा अडता कामा नयेत.

४ मार्च, मंगळवार

आज प्रयोग केले. स्वतःचा फोन अगदी बारीक धारेवर ठेवला आणि पाहिलं. बातम्यांची अक्षरं येतात, फोटो येत नाहीत. थोडं वाढवलं, फोटो आले, पण वरून खाली हळूहळू, पडदा सोडावा तसे. गंमत वाटली. सकाळ कशी गेली कळलं नाही.

एक नवीन गोष्ट कळली. ‘येणारं’ आणि ‘जाणारं’ वेगवेगळं मोजतात. सिनेमा पाहिला तर येतं फार, जातं नगण्य. पण व्हिडिओवर बोलताना आपला चेहरा आणि आवाज पलीकडे पोचवायचा असतो, म्हणून जाणारंही तेवढंच लागतं. पाण्यात हा प्रकार नव्हता. नळातून कोणी पाणी परत पाठवत नाही.

संध्याकाळी मायरा कंबरेवर हात ठेवून उभी. "आजी, तू माझी नेट स्लो केला?"

"माझं नेट. हो, केलं."

"माझं नाही, माझी! माझी गेम थांबला!"

तिचं मराठी असंच आहे, बायका-पुरुष-वस्तू सगळे एका पंगतीला. मी तिला खुंटी दाखवली. तिनं स्वतःच थोडी पुढे सरकवून पाहिली, मग माझ्याकडे बघून परत मागे घेतली. शहाणी आहे.

६ मार्च, गुरुवार

एक कोडं पडलंय.

धम्मा सकाळी नाश्ता करून आपल्या खोलीत जाते आणि दार लावून घेते. पूर्वी ती आठवड्यातून दोनदा मेट्रोपॉलिटन लाइनच्या गाडीनं ऑफिसला जायची. सध्या तिथे रंगकाम चालू आहे म्हणून सगळं घरूनच. आज म्हणाली, "आई, लंचपर्यंत सलग मीटिंगा आहेत, हाक मारू नकोस."

मी कॉम्प्युटरसमोर बसले. ‘ऑफिस’ची ओळ बघते तर येणारं शून्य, जाणारं शून्य. मधेच एकदा जरासं काहीतरी हललं आणि परत शून्य. धम्मा फोन मात्र थोडा थोडा चालू होता.

आत तिचा आवाज तर येत होता. इंग्रजीत बोलत होती, स्पष्ट, सावकाश. एक वाक्य तर तीन-तीनदा म्हणाली, शब्द जरा इकडे-तिकडे करून. पलीकडच्यांना तिचे उच्चार पटकन कळत नसावेत. पण नेट शून्य असताना ती बोलत होती कोणाशी? आवाज जातो कशातून?

जेवताना विचारलं, "मीटिंग नीट झाली?"

"झाली."

"आवाज पोचत होता सगळ्यांना?"

"हो गं आई. का?"

"सहज."

मीटर चुकीचं असावं. आमच्याकडेही मीटर बंद आणि नळाला पाणी, अशी कितीतरी घरं होती. अनुपना सांगायला हवं.

७ मार्च, शुक्रवार

अनुपना सांगितलं. म्हणाले, "ऑफिसचे लॅपटॉप सिक्युअर असतात आई, त्यांचा डेटा दिसत नाही." मी म्हटलं, दिसत नाही म्हणजे काय लिहिलंय ते दिसत नाही ना? पण किती आलं-गेलं ते तर दिसलंच पाहिजे. यावर ते म्हणाले, "बघतो," आणि त्यांना एकदम दूध आणायचं आठवलं. फ्रिजमध्ये दूध होतं.

९ मार्च, रविवार

आज धम्मानं मला किंग हेन्रीज रोडला नेलं. बाबासाहेब विद्यार्थी असताना राहिले ते घर. आमच्या वस्तीतल्या कितीजणांनी मला सांगून पाठवलं होतं, तिथे जाऊन आमच्या वतीनं हात जोड म्हणून. जोडले. पण खरं सांगायचं तर माझं लक्ष सारखं लहानसहान गोष्टींकडे जात होतं. खोली थंडीत कशी ऊब धरत असेल, अंघोळीचं पाणी कुठे तापवत असतील.

धम्मा मात्र एका जागी बराच वेळ उभी होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "आई, बाबासाहेबांनाही शिक्षण अर्धं टाकून परत जावं लागलं होतं ना?"

"हो. शिष्यवृत्तीची मुदत संपली."

"तेव्हा लोक काय म्हणाले असतील?"

"लोक काय म्हणतात याचा विचार करत बसायला त्यांना वेळ कुठे होता? तीन वर्षांनी परत आले, पदवी पूर्ण केली."

रस्त्याच्या कडेला कसली तरी पांढरी फुलं आली होती, ती तिकडे बघत राहिली. मी म्हटलं, "तुझं काय अर्धं राहिलंय? तुझं तर सगळं नीट चाललंय." तिनं माझा हात धरला आणि स्टेशनपर्यंत सोडला नाही. रस्ता ओलांडताना मी पडेन याची तिला भीती वाटत असावी.

१० मार्च, सोमवार

चोर सापडला! म्हणजे चोरी सापडली.

दुपारी यादीत एक नवीन ओळ आली. नाव DESKTOP आणि पुढे इंग्रजी अक्षरं-आकड्यांची खिचडी. आमच्या घरात डेस्कटॉप एकच, माझ्या पुढ्यातला. मग हा दुसरा कोणाचा? आणि चांगलं भरभरून ओढत होता, येणारं आणि जाणारं दोन्ही. हॉटस्पॉटचा पासवर्ड फ्रिजवर चिकटवलाय, तो कोणीही पाहू शकतं.

धम्मा खोलीत होती, हाक मारायची मनाई. मी चोराची खुंटी अर्ध्यावर आणली.

११ मार्च, मंगळवार

वरच्या फ्लॅटमध्ये ईशिता नावाची पुण्याची मुलगी राहते, बँकेत काम करते. परवा कोथिंबीर मागायला आली होती आणि फ्रिजपाशीच उभी होती. आज जिन्यात गाठ पडली.

"ईशिता, तुझ्याकडे डेस्कटॉप आहे का गं?"

"काकू, माझ्याकडे टेबलच नाहीये! बेडवर बसून काम करते. का, तुम्हाला हवाय?"

चेहरा स्वच्छ होता. आणि ती ऑफिसला निघालेली. ती गेल्यावरही चोर चालूच. म्हणजे ईशिता नव्हे. मनातल्या मनात तिची माफी मागितली आणि संध्याकाळी तिला वाटीभर सांबारवडी दिली. कोथिंबिरीला आम्ही सांबार म्हणतो, हे तिला ठाऊक नव्हतं. ती खोबऱ्याची चटणी मागत होती.

एक नोंद करून ठेवते. चोर धम्माच्या जेवणाच्या वेळी थांबतो. तिचं जेवण झालं की परत सुरू. इंग्रज लोकही त्याच सुमारास जेवतात.

१३ मार्च, गुरुवार

आज जे घडलं ते जसंच्या तसं लिहिते.

सकाळी धम्मा चांगला शर्ट घालून आली. वरचा भाग ऑफिसचा, खाली घरचा पायजमा. म्हणाली, "आई, आज अकराची मीटिंग फार महत्त्वाची आहे. तेवढं नेट नीट ठेवशील?"

तिनं मला पहिल्यांदाच असं काही मागितलं. मला इतका आनंद झाला! मी टीव्ही बंद केला, माझ्या फोनचं नेट तोडलं, मायरा शाळेत होती तरी तिचा टॅब शून्यावर आणला. ‘ऑफिस’ची खुंटी टोकाला नेली. उरला चोर. त्याला अगदी थेंबाथेंबावर ठेवला.

अकरा वाजले आणि चोर उसळला. आडवी पट्टी सारखी मर्यादेला जाऊन धडकायची, मागे यायची, परत धडकायची. जाणाऱ्या बाजूला जास्त. आणि ‘ऑफिस’ शून्यच.

धम्मा दार उघडून बाहेर आली. चेहरा लाल. "आई, नेट चालू आहे ना? माझा व्हिडिओ अडकतोय."

"सगळं तुझ्याकडेच सोडलंय! बाकी सगळे बंद केलेत."

ती आत पळाली. चोर परत धडकायला लागला. मला राग आला. माझ्या मुलीचं काम खोळंबतंय आणि हा कोण कुठला! मी त्या ओळीवर गेले आणि ‘बंद करा’ दाबलं. पट्टी शून्यावर आली. मला समाधान वाटलं, हेही लिहून ठेवते.

थोड्या वेळात तिचा फोन वाजला. तिच्या खोलीत फोनला रेंज नसते, म्हणून ती बोलत बोलत स्वयंपाकघरातून मागच्या बागेत गेली. मी सिंकपाशी होते, खिडकी उघडी होती. ती इंग्रजीत बोलत होती, पण मला इंग्रजी कळतं, हे ती विसरली असावी.

आधी माफी मागितली, व्हिडिओ बंद पडला म्हणून. पलीकडच्या बाईंनी बहुतेक म्हटलं, फोनवरच बोलू. मग धम्मा म्हणाली, की माझी आधीची नोकरी जानेवारीअखेर संपली. आमची पूर्ण टीमच बंद केली. मला व्हिसासाठी स्पॉन्सर करणारी कंपनी हवी आहे, आणि माझ्याकडे फार दिवस नाहीत.

मी नळ बंद केला.

ती पुढे बरंच बोलली. आधी चाचरत होती, मग वाक्यं भराभर यायला लागली. बागेत चपलांनिशी फेऱ्या मारत होती, हातवारे करत होती. एकदा तर हसलीसुद्धा. मी तिला अशी बोलताना कधी ऐकलंच नव्हतं. काय बोलतेय ते सगळं कळलं नाही, पण ती आपल्या कामात पक्की आहे एवढं कळलं.

बोलणं संपवून ती खोलीत गेली. मी कॉम्प्युटरसमोर येऊन बसले. आतून लॅपटॉप मिटल्याचा आवाज आला, आणि माझ्यासमोर यादीतून चोराची ओळ नाहीशी झाली.

मी थेट तिच्या दाराशी गेले. पलंगावर तिचा जुना लॅपटॉप होता, कॉलेजात असताना यांनी घेऊन दिलेला. यांना जाऊन पाच वर्षं झाली, आणि तो लॅपटॉप अजून चालतोय.

"धम्मा, याचं नाव DESKTOP आहे का?"

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"आई. तू बंद केलंस?"

"मला वाटलं कोणीतरी चोरून..."

"माझा इंटरव्ह्यू होता! सोमवारपासून यावर व्हिडिओवर बोलायचा सराव करत होते! सहा आठवड्यांत पहिल्यांदा कोणीतरी बोलावलं होतं, आई! तुला एकदा विचारता नाही आलं?"

"तुला एकदा सांगता नाही आलं?"

असं मी म्हणायला नको होतं. ती शर्ट-पायजम्यातच, वर कोट चढवून घराबाहेर निघून गेली.

परत आली तेव्हा पाव आणि अंडी घेऊन आली होती. ओट्यावर ठेवत म्हणाली, "नोकरी गेली तेव्हा तुझं तिकीट निघालेलं होतं. सांगितलं असतं तर तू आली नसतीस."

"आले नसते."

"म्हणूनच. मला तू इथे हवी होतीस." मग ती रडली. मी अंडी फ्रिजमध्ये एकेक करून ठेवत राहिले. मग ते सोडून तिच्याजवळ गेले.

अनुप आले. मी विचारलं, "मग ते ‘ऑफिस’ काय होतं?"

त्यांनी मान खाली घातली. "प्रिंटर, आई. तुम्ही विचारलंत तेव्हा पटकन तेवढंच दिसलं."

दहा दिवस या घरातला सगळ्यात मोठा वाटा मी प्रिंटरला देत होते. धम्माला हसू आलं. रडून सुजलेल्या डोळ्यांनी ती इतकी हसली, की अनुपही हसले आणि शेवटी मीही.

मायरा टॅबवरून मान वर करून म्हणाली, "आजी, मला माहीत होता. मम्मीनी ऑफिसची लॅपटॉप बॉक्समध्ये टाकला आणि पोस्टात दिली."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू मला विचारला नाही."

१४ मार्च, शुक्रवार

त्या बाईंचा मेल आला. कंपनी क्रॉयडनला आहे. फोनवरचं बोलणं आवडलं, पण व्हिडिओवर भेट झाली नाही, तेव्हा पुढची फेरी प्रत्यक्षच घेऊ, बुधवारी या. धम्मानं मेल मला दोनदा वाचून दाखवला.

मी म्हटलं, म्हणजे माझ्यामुळे काही बिघडलं नाही. ती म्हणाली, "आई, एवढ्या लवकर सुटका नाही."

१५ मार्च, शनिवार

आज मी मुलाखत घेतली. धम्मा टेबलाच्या त्या बाजूला, मी या बाजूला, चष्मा घालून. पदोन्नतीच्या वेळी माझी मुलाखत घेणारे कार्यकारी अभियंता जसे बसायचे, तशी बसले.

"नाव?"

"आई!"

"मॅडम म्हणायचं. काम काय करता?"

आणि तेव्हा लक्षात आलं, की हे मला खरंच ठाऊक नाही. ‘सॉफ्टवेअरमध्ये आहे’ असं मी सहा वर्षं सगळ्यांना सांगत आले. मीटरवर तिचं काम पंधरवडाभर मोजायला निघाले, पण काम काय ते विचारलं नव्हतं.

तिनं सांगितलं. हॉस्पिटलात तपासणीची वेळ लोकांना ज्या प्रोग्रॅममधून मिळते, तो लोकांच्या हाती जाण्याआधी ती तपासून बघायची. एकाच नावाचे दोन पेशंट आले तर? म्हाताऱ्या माणसानं चुकून दोनदा बटण दाबलं तर? अर्ध्यात नेट गेलं तर? काय काय चुकू शकेल ते आधीच शोधून काढायचं. एकदा तिनं अशी चूक पकडली होती, की नाहीतर कित्येक लोकांच्या तपासण्या गुपचूप रद्द झाल्या असत्या. हे सांगताना ती पुढे सरकून बसली.

मी म्हटलं, "मग मधेमधे ‘आम्ही’ का म्हणतेस? चूक कोणी पकडली?"

"मी."

"मग तसं म्हण."

नंतर मी विचारलं, आधीची नोकरी का सुटली. तिनं उत्तर बरोबर दिलं, पण टेबलाकडे बघून. मी परत विचारलं. परत टेबल. चौथ्यांदा माझ्याकडे बघून म्हणाली, आणि म्हणाली, "फोनवर सोपं होतं. चेहरा दिसत नव्हता ना."

"चेहऱ्याला काय झालंय?"

"तो चोरासारखा होतो, आई."

मॅडमनी मुलाखत थांबवून चहा केला. मग परत घेतली.

१९ मार्च, बुधवार

क्रॉयडन. मी हट्टानं सोबत गेले. हॅरोहून मेट्रोपॉलिटन लाइननं फॅरिंग्डन, तिथून दुसऱ्या गाडीनं ईस्ट क्रॉयडन. गाडीत धम्मा ओठ हलवत होती, समोरचा माणूस तिला प्रार्थना करतेय असं समजून नजर वळवत होता.

ऑफिस स्टेशनजवळच्या उंच इमारतीत. ती आत गेली आणि मला म्हणाली, कॅफेत बस, हलू नकोस. मी बसले. पण समोरूनच ट्राम जात होती. चक्क रस्त्यावरून, मोटारींच्या मधून! रूळ डांबरात कसे बसवले असतील, पावसाचं पाणी खाचेतून कुठे जात असेल, हे बघायला जरा बाहेर आले. मग वाटलं, एक स्टेशन जाऊन यावं. एका स्टेशनानंतर चढ लागला, आणि एवढा चढ ट्राम चढते कशी ते बघायचं होतं. मग शेवटपर्यंतच गेले. न्यू ॲडिंग्टन नावाचं गाव आहे.

परत आले तर धम्मा स्टॉपवर उभी, फोन कानाला, चेहरा पांढरा.

"कुठे होतीस?"

"न्यू ॲडिंग्टनला."

"का?"

"ट्राम तिथे जाते."

ती फोनमध्ये म्हणाली, "अनुप, सापडली."

गाडीत बसल्यावर सगळं सांगितलं. तिघंजण होते. त्यातल्या एकानं सहज विचारलं, त्या दिवशी व्हिडिओला काय झालं होतं? धम्मा खोटं बोलणार होती. लाइन खराब होती असं काहीतरी. पण तिच्या तोंडून निघून गेलं, "माय मदर थ्रॉटल्ड मी." म्हणजे आईनं माझं नेट आवळलं, पण माझा गळा आवळला असाही त्याचा अर्थ होतो म्हणे. तिघंही दचकले, मग तिनं खरं काय झालं ते सांगितलं. प्रिंटरपर्यंत सगळं. पोट धरून हसले.

मग त्यातल्या बाई म्हणाल्या, समजा तो प्रोग्रॅम तुमच्याकडे तपासायला आला, तर काय चूक काढाल? धम्मा म्हणाली, "मी सांगतच सुटले, आई. नाव कोणीही काहीही देतं, मशीनही स्वतःला वाट्टेल ते नाव देतं. नुसत्या नावावरून उपकरण ओळखायला लावायचंच नाही. बंद करण्याआधी विचारायला हवं, हे कोणाचं आहे? आणि ज्याचं बंद केलं त्यालाही कळायला हवं, की कोणीतरी बंद केलंय, नाहीतर तो बिचारा आपलंच काहीतरी चुकलं म्हणून बसून राहतो."

"आणि नोकरी का सुटली ते विचारलं?"

"विचारलं."

"टेबलाकडे बघितलंस?"

"टेबल काचेचं होतं. खाली त्यांचे पायच दिसत होते. म्हणून वरच बघितलं."

२१ मार्च, शुक्रवार

काही कळलं नाही. धम्मा दर थोड्या वेळानं मेल बघते. मीटरवर दिसतं मला. आता बघत नाही, मीटर झाकून ठेवलंय.

२३ मार्च, रविवार

आज आम्ही तिघं बसून उघडपणे बोललो. झालं नाही तर काय. मे महिन्यात परत जावं लागेल, मायराची शाळा नागपुरात, की पुण्याला अनुपच्या आईवडिलांकडे. मायरानं विचारलं, तिथे हिवाळ्यात अंधार लवकर होतो का. नाही म्हटल्यावर तिला ते बरं वाटलं. भीती कमी झाली असं नाही, पण बोलताना कोणी दूध आणायला उठलं नाही.

२६ मार्च, बुधवार

घेतलं तिला.

मेल आला तेव्हा ती मायराला शाळेत सोडून परत येत होती. रस्त्यातूनच फोन केला. म्हणाली, "आई, हो म्हणाले." मी विचारलं, स्पॉन्सर करणार? "करणार." ती गल्लीच्या टोकाला आली तशी मला जिन्याच्या खिडकीतून दिसली, पण फोन कोणीच ठेवला नाही.

पद आधीच्यापेक्षा एक पायरी खालचं आहे. व्हिसाची कागदपत्रं अजून व्हायची आहेत, आणि ती होईपर्यंत अनुप मिठाई आणू देणार नाहीत. तरी दुपारी मी शिरा केला. शिऱ्याला मिठाई म्हणत नाहीत.

दुपारी नागपूरहून नंदाचा फोन आला. नंदा माझी धाकटी बहीण, इंदोऱ्यात राहते, आणि तिला सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत वस्तीभर होते. धम्मा समोर बसून शिरा खात होती.

"काय म्हणते लंडन, सिंधूताई? काय करून राहिली आपली धम्मा?"

मी म्हटलं, "नंदा, बस जरा. सांगते." आणि सगळं सांगितलं. जानेवारीत नोकरी गेली इथपासून. मी तिचं नेट तोडलं तेही. धम्मा समोरून हातानं ‘नको नको’ करत होती. नंदा मधेमधे "अगं बाई" म्हणत होती. शेवटी म्हणाली, "पोरीनं एकटीनं एवढं काढलं? दे तिच्याकडे फोन." धम्मानं फोन घेतला. मावशी काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. धम्मा बराच वेळ नुसतं "हो मावशी, हो" म्हणत होती, आणि मग म्हणाली, "हो मावशी, भीती वाटत होती."

फोन ठेवून ती माझ्याकडे वळली. "आई, तिला सगळं कशाला सांगितलंस? नोकरी लागली एवढंच सांगायचं ना!"

मी म्हटलं, "लागली हे सांगायचं, तर आधी गेली होती हे नको सांगायला?"

तिनं उरलेला शिरा माझ्या ताटलीत वाढला आणि म्हणाली, "खा."